हरकतीचे तीस दिवस: वस्तीचं मत ऑनलाइन गोळा करून मनपापर्यंत कसं न्यावं

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत एक जाहीर सूचना येते. मौजा अमुक, खसरा क्रमांक (जमिनीचा महसुली क्रमांक) तमुक, 'खेळाचे मैदान' या आरक्षणातून वगळून रहिवासी विभागात समाविष्ट करण्याचा प्रस्ताव. ले-आऊटमधल्या कुणाच्या तरी नजरेला ती पडते, फोटो ग्रुपवर येतो आणि तासाभरात कुणीतरी गुगल फॉर्म बनवून टाकतो: 'मैदान वाचवा, नाव नोंदवा.' दोन दिवसांत चारशे नावं जमतात. महिना उलटल्यावर कळतं की नगररचना विभागात त्यातली एकही हरकत नोंदलेली नाही. चारशे जणांनी फॉर्म भरला, पण दाखल कुणी काहीच केलं नाही.

हे टाळायचं कसं, ते इथे नागपूरच्या ले-आऊटमधली मंडळं, फ्लॅट सोसायट्या आणि वस्तीतले कार्यकर्ते यांच्यासाठी लिहिलं आहे. उदाहरण मैदानाच्या आरक्षणाचंच धरू, कारण त्यात मुदत ठरलेली असते आणि चुका लवकर उघड्या पडतात.

फॉर्म नंतर, आधी सूचना वाचा

सूचनेची मूळ प्रत मिळवा. व्हॉट्सॲपवरचा अर्धा कापलेला फोटो पुरत नाही. मनपाच्या संकेतस्थळावर किंवा शासन राजपत्रात ती सापडते. नाहीच सापडली, तर नगररचना विभागात जाऊन प्रत आणि नकाशा पाहा. सूचनेतून चार गोष्टी वेगळ्या कागदावर उतरवा: कोणत्या कायद्याचं कोणतं कलम, हरकती कुणाकडे द्यायच्या, मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, आणि नकाशा कुठे पाहायला ठेवला आहे.

कलम पाहणं म्हणजे वकिली नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली मंजूर विकास योजनेत फेरबदल होतो. त्यात हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. मनपानेच सूचना काढली असेल तर सुनावणी मनपा घेते आणि प्रस्ताव मंजुरीला राज्य शासनाकडे जातो. पण सूचनेवर ३७ (१कक) लिहिलेलं असेल तर ती शासनानेच काढलेली असते, आणि हरकती घ्यायला व सुनावणीला नेमलेला अधिकारी नगररचना खात्याचा असतो. हा फरक न पाहिल्याने अख्खा गठ्ठा चुकीच्या टेबलावर जातो. नागपुरात ही चूक सहज होते. एकाच चौकात रस्ता एका यंत्रणेचा, उड्डाणपूल दुसऱ्या, नाली तिसऱ्या. मनपा, नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र), सार्वजनिक बांधकाम विभाग, महामार्ग प्राधिकरण, महामेट्रो, शहराबाहेर नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एनएमआरडीए). झोन कार्यालयात अर्ज टाकला की तो आपोआप योग्य जागी पोचेल, या भरवशावर राहू नका.

दुसऱ्या प्रकारच्या निर्णयांत मुदत वेगळी असते. झाडं तोडण्याच्या प्रस्तावावर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली सूचना लागते, आणि हरकतीला फक्त सात दिवस असतात. तिथे खालचं वेळापत्रक चालणार नाही. मजकूर आणि फॉर्म आधीच तयार ठेवावा लागतो. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते. नागपूरजवळच्या कोराडीच्या विस्तारित वीज प्रकल्पाची जनसुनावणी मे २०२३ मध्ये झाली, ती याच पद्धतीची. मनपाच्या अर्थसंकल्पात एखादं काम घालून घ्यायचं असेल तर मात्र सूचनेची वाट पाहू नका. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. मार्चमध्ये दिलेल्या सूचनेला त्या वर्षी जागा नसते. ऑक्टोबर ते डिसेंबर हे त्या कामाचे महिने.

तीस दिवस वाटून घ्या

पहिले तीन दिवस वाचन आणि जागेची पाहणी. चौथ्या ते सहाव्या दिवशी माहितीपत्रक आणि फॉर्म. सातव्या दिवशी आठ-दहा जणांकडून चाचणी. आठव्यापासून विसाव्या दिवसापर्यंत फॉर्म खुला. मग चार दिवस छाननी, पंचविसाव्या दिवशी वाचून दाखवणं, सत्ताविसाव्याला दाखल. शेवटच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी आवक खिडकीवर रांग असते, शनिवार-रविवार मध्ये येतो, आणि पीडीएफ उघडत नाही हे नेमकं तेव्हाच लक्षात येतं.

माहितीपत्रक दीडशे शब्दांच्या वर जाऊ नये. आज जागा काय आहे, प्रस्तावात काय होणार, निर्णय कुणाचा, मुदत कधीपर्यंत, एवढंच. प्रस्तावाच्या बाजूने जे सांगितलं जातं तेही दोन ओळींत द्या, नाहीतर वाचणाऱ्याला पत्रक एका पक्षाचं वाटतं. सूचनेतला मजकूर कॉपी करून चिकटवला की पुष्कळदा कचरा उमटतो, कारण जुने कागद कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. अशा वेळी मजकूर युनिकोडमध्ये हाताने टाइप करा आणि खसरा क्रमांक दोघांनी मिळून ताडून पाहा. एक आकडा चुकला तर हरकत दुसऱ्याच जमिनीवर जाते.

लोकांना मात्र खसरा क्रमांक विचारू नका. नागपूरकर जागा ओळखतो ती चौकाने, पाण्याच्या टाकीने, पानठेल्याने. पत्रकावर जागेचा फोटो आणि 'अमुक शाळेच्या मागचं मैदान' असं लिहा. खसरा क्रमांक दाखल करायच्या पत्रात येऊ द्या. जागा लांबट किंवा तुकड्यांत असेल (नाल्याकाठची पट्टी, रस्ता रुंदीकरण) तर ओपनस्ट्रीटमॅपवर चालणाऱ्या यूमॅपमध्ये हद्द रेखून दुवा द्या. मोफत आहे, आणि मोबाइलवर उघडतं.

दोन फॉर्म, एक नव्हे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मतचाचणी आणि हरकत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मतचाचणीत नाव नसलं तरी चालतं. उलट नाव नसलं की लोक मोकळं बोलतात. हरकतीला नाव, पूर्ण पत्ता, तारीख आणि सही लागते, कारण सुनावणीचं पत्र त्याच पत्त्यावर येतं. दोन्ही एकाच फॉर्ममध्ये घातलं की बुजरे लोक नाव पाहून मागे फिरतात, आणि जे भरतात त्यांची हरकत सहीविना राहते.

म्हणून पहिला फॉर्म मताचा ठेवा, चार मिनिटांत भरून व्हावा असा. सात प्रश्न पुरतात:

१. या जागेशी तुमचा संबंध काय? (जवळ राहतो, दुकान किंवा ठेला आहे, मुलं खेळायला येतात, फिरायला येतो, इतर)
२. तुमची वस्ती किंवा ले-आऊट कोणतं?
३. गेल्या महिन्यात तुम्ही ही जागा किती वेळा वापरली?
४. प्रस्तावाबद्दल मत: विरोध, पाठिंबा, काही बदल करून मान्य, अजून ठरवलं नाही.
५. कारण काय? (मोकळी जागा)
६. बदल सुचवायचा असेल तर कोणता?
७. तुमच्या नावाने हरकत दाखल करायची आहे का? हो असेल तर दुसऱ्या फॉर्मचा दुवा.

चौथ्या प्रश्नातला 'अजून ठरवलं नाही' हा पर्याय काढून टाकायचा मोह होतो. काढू नका. तिथे तीस टक्के लोक असतील तर तुमचं पत्रक समजलेलं नाही, आणि हे विसाव्या दिवशी कळण्यापेक्षा दहाव्या दिवशी कळलेलं बरं.

प्रश्नांची भाषा तपासून घ्या. 'मैदान बिल्डरच्या घशात घालू नये असं तुम्हाला वाटतं का?' याला नाही कोण म्हणणार? असा प्रश्न भाषणात शोभतो. फॉर्ममध्ये असला की सुनावणीत पहिल्याच मिनिटाला तुमचे सगळे आकडे निकालात निघतात. 'रस्ता रुंद व्हावा आणि झाडं वाचावीत का?' हा एका दमात दोन प्रश्न विचारतो. उत्तर कोणत्या अर्ध्याला आलं ते कळत नाही.

दुसऱ्या फॉर्ममध्ये नाव, पत्ता, फोन आणि हरकतीचा मजकूर घ्या. त्यातून एकेक पत्र छापा आणि सही घ्यायला घरोघरी जा. हे काम ऑनलाइन होत नाही, आणि तीनशे घरांना दोन संध्याकाळी लागतात. सूचनेत ई-मेलने हरकत चालेल असं स्पष्ट लिहिलं असेल तर ज्याने त्याने आपल्या पत्त्यावरून पाठवावी. आधार क्रमांक कुठेही मागू नका, त्याची गरज नाही.

साचेबद्ध मजकुराबद्दलही बोलायला हवं. एकच परिच्छेद हजार जणांनी पाठवला की कार्यालय त्याचा एक गठ्ठा करतं आणि एकच उत्तर देतं. संख्येला काहीच वजन नसतं असं नाही. २०२० मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्यावर लाखो ई-मेल गेले आणि तो मसुदा देशभर चर्चेत आला. पण स्थानिक नकाशाच्या बाबतीत नेमकी चूक दाखवणारी हरकत जास्त कामाची. मुंबईचा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि एप्रिलमध्ये तो नव्याने करण्याचे आदेश निघाले. त्यामागे हजारो हरकती तर होत्याच, पण उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेत, वारसा वास्तूंची नोंद चुकली आहे, असं नागरिकांनी जागेवार दाखवून दिलं होतं. तेव्हा साचा द्यायचाच असेल तर फक्त वरचा भाग द्या: सूचनेचा क्रमांक, मौजा, खसरा, मागणी. कारणाची जागा रिकामी ठेवा. 'माझा मुलगा रोज इथे सहाला क्रिकेट खेळतो, जवळचं दुसरं मैदान रिंग रोड ओलांडून आहे' ही ओळ कुठल्याही साच्यात सापडायची नाही.

फॉर्म पसरवताना

गुगल फॉर्ममध्ये 'एका व्यक्तीला एकच उत्तर' ही सोय चालू केली की लॉगिन मागितलं जातं; फोटो जोडायची सोय दिली तरी तेच. एका घरात एकच स्मार्टफोन असला की सासूचं मत सुनेनंतर भरताच येत नाही. मतचाचणीसाठी ही अट बंद ठेवा, दुहेरी नोंदी नंतर शोधता येतात. दुवा पाठवताना तो भरण्याचा आहे, संपादनाचा नाही, हे लॉगिन न केलेल्या फोनवर उघडून पाहा. संपादन 'दुवा असलेल्या कुणालाही' खुलं असेल आणि तो दुवा ग्रुपवर गेला, तर कुणीही प्रश्न बदलू शकतो.

संदेशात मुदत लिहिताना तारीख, महिना, वर्ष तिन्ही लिहा. नुसतं '१८ तारखेपर्यंत' लिहिलेला निरोप सहा महिने फिरत राहतो. फॉर्म बंद केल्यावर तिथे 'मुदत संपली' एवढंच न ठेवता पुढे काय झालं ते कुठे कळेल तेही लिहा.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधलं मतदान या कामाला वापरू नका. कुणी काय निवडलं ते सगळ्यांना नावानिशी दिसतं, आणि ग्रुपमध्ये माजी नगरसेवक असले की दुकानदार गप्प बसतो. बैठक शनिवारी की रविवारी, एवढं ठरवायला ते ठीक. चर्चेच्या ग्रुपमध्ये मुदतीचा निरोप गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो, म्हणून फक्त संयोजकच लिहू शकतील असा वेगळा ग्रुप काढा.

क्यूआर कोडचा कागद किराणा दुकान, डेअरी, वाचनालय, मंदिर, बुद्धविहार, मशीद, तर्री-पोह्याचा ठेला अशा जागी लावा. कोड किमान पाच सेंटिमीटरचा हवा, खाली छोटा दुवाही छापा. फुकट क्यूआर बनवणारी काही संकेतस्थळं मधल्या दुव्यावरून नेतात आणि चाचणीकाळ संपला की कोड मरतो. थेट दुव्याचा साधा कोड घ्या.

आता खरी मेहनत. समजा २४० उत्तरं आली आणि त्यातली १७० दोन फ्लॅट स्कीममधली आहेत. मैदानामागच्या वस्तीतून नऊ. म्हणजे वस्तीचं मत आलेलंच नाही, आणि मैदानाचा वापर बहुधा त्यांचाच जास्त. दुसरा प्रश्न ठेवला तो याचसाठी. दर तीन दिवसांनी वस्तीवार मोजणी करा आणि जिथे आकडा लहान तिथे दोघंजण फोन घेऊन बसा, संध्याकाळी सहा ते आठ. मे महिन्यात दुपारी कुणी दारही उघडणार नाही. प्रश्न आहे तसाच वाचा, पर्याय त्याच क्रमाने सांगा, आणि 'म्हणजे तुम्हाला मैदानच हवं ना?' असं समजावत बसू नका. मदतीने भरलेल्या नोंदीला वेगळी खूण ठेवा. मोमीनपुरा, जरीपटका, इतवारीच्या काही गल्ल्यांत हिंदी मजकूर लागेलच. त्यासाठी वेगळा फॉर्म न करता प्रत्येक प्रश्न एकाखाली एक दोन्ही भाषांत लिहा. दोन तक्ते नंतर जोडताना रकाने हमखास सरकतात.

फोन नंबर सांभाळा

एप्रिल २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर (इंटरनेटवर सगळ्या संकेतस्थळांना समान वागणूक) ट्राय या दूरसंचार नियामकाला दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले. ट्रायने ते संकेतस्थळावर टाकले ते पाठवणाऱ्यांच्या ई-मेल पत्त्यांसकट. ले-आऊटच्या पातळीवर हेच घडतं ते तक्ता 'दुवा असलेल्या कुणालाही' खुला ठेवल्याने. तक्ता पाहायचा हक्क दोघांनाच द्या. दाखल केलेली हरकत सरकारी कागद होतो आणि नाव-पत्ता फाइलमध्ये राहतो, हे दुसऱ्या फॉर्मच्या सुरुवातीलाच लिहा. नको असेल त्याने पहिल्याच फॉर्मवर थांबावं.

छाननी

मूळ तक्त्याला हात लावू नका, प्रत काढून तिच्यावर काम करा. फाइल सीएसव्हीत उतरवून थेट एक्सेलमध्ये उघडली की देवनागरीच्या जागी चिन्हांची रांगोळी दिसते. एक्सेलच्या आयात पर्यायातून यूटीएफ-८ निवडा, किंवा एक्सएलएसएक्समध्येच उतरवा.

पाच मिनिटांत शब्दशः सारखी तीस उत्तरं आली असतील तर ती पुसू नका, खूण करा आणि अहवालात सांगा. मोकळ्या उत्तरांचे आठ-दहा गट पाडा: खेळ, वृद्धांचं फिरणं, पावसाचं पाणी मुरणं, वाहनतळाची गरज, असामाजिक वावर, वगैरे. पहिली तीस उत्तरं दोघांनी एकमेकांना न दाखवता गटांत टाकावीत आणि मग ताडावीत. खूप फरक पडला तर गटांची नावं संदिग्ध आहेत. पाणी मुरण्यासारखे मुद्दे सैल सोडू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर नाग नदीकाठच्या वस्त्यांत हा मुद्दा कुणीही हसण्यावारी नेत नाही, पण 'पूर येईल' इतकंच लिहून भागत नाही. पाणी कुठून येऊन कुठे साचलं, कोणत्या तारखेला, फोटोसह.

अहवालात '८२ टक्के नागरिकांचा विरोध' असं छापू नका. लिहा: खुल्या फॉर्मवर २४० प्रतिसाद आले, हा निवडून घेतलेला नमुना नाही, अमुक वस्तीतून इतके, त्यातल्या इतक्यांचा विरोध. पाठिंब्याची कारणंही घाला. पंचविसाव्या दिवशी हे सगळं समाजभवनात किंवा मैदानातच वाचून दाखवा. 'मी असं म्हटलं नव्हतं' असं सांगणारा एखादा भेटतोच, आणि तो दाखल करण्याआधी भेटलेला चांगला.

दाखल करताना

वर दोन पानांचं पत्र, मग वस्तीवार तक्ता, मग सह्यांच्या हरकती, सगळ्या पानांना क्रमांक. आवक खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. तीच प्रत ई-मेलनेही पाठवा, पण पीडीएफ जोडून. ड्राइव्हचा दुवा पाठवला की समोरच्याला परवानगी मागावी लागते, आणि ती कुणी मागत नाही.

सुनावणीला बोलावणं आलं की एका मुद्द्याला एक माणूस, तीन मिनिटं. खेळाबद्दल खेळणारा मुलगाच बोलला तर उत्तम. सुनावणीनंतर बरेच दिवस काही कळलं नाही तर माहिती अधिकारात अहवालाची प्रत मागा: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो.

मोठी साधनं केव्हा

पोलिस नावाचं एक साधन आहे (खात्याशी संबंध नाही). त्यात लोक छोटी विधानं लिहितात, बाकीचे सहमत, असहमत किंवा पुढे एवढंच दाबतात. एकमेकांना उत्तर देता येत नाही, म्हणून भांडण पेटत नाही. तैवानमध्ये २०१५ साली उबरच्या नियमांवर ते वापरलं गेलं. सीताबर्डीच्या बाजारातल्या फेरीवाल्यांसारखा प्रश्न, जिथे बाजू दोनच नाहीत, त्याला हे शोभेल. सुरुवातीला सगळ्या बाजूंची पंधरा-वीस विधानं तुम्हीच टाकावी लागतात. बार्सिलोनाचं डेसिडिम आणि माद्रिदचं कॉन्सुल ही त्याहून भारी काम: सर्व्हर, देखभाल आणि पगारी माणूस लागतो. झोनने किंवा मनपाने पुण्याच्या २००६ पासूनच्या नागरिक अर्थसंकल्पासारखा उपक्रम घ्यायचा ठरवला तर त्यांचा विचार करावा. एका मैदानासाठी नको.

दाखल केल्यावर आठवड्याच्या आत फॉर्म भरणाऱ्या सगळ्यांना आवक क्रमांक आणि पत्राची प्रत पोचवा. त्यानंतर फाइल राज्य शासनाकडे गेली की महिनोन्‌महिने हालचाल दिसत नाही. ग्रुपवर तीन ओळींचा निरोप पिन करून ठेवा: फाइल आज कुणाकडे आहे, शेवटची विचारपूस कोणत्या तारखेला केली, पुढची कधी. अंतिम अधिसूचना राजपत्रात निघाली की तिची प्रत त्याच ग्रुपवर टाका, कोणती सूचना मानली आणि कोणती नाही ते शेजारी लिहा, आणि मगच फोन नंबरांचा तक्ता पुसा.